समूहाची वही कोणाच्या हाती?

गेल्या काही वर्षांत आपल्या पाळकीय परिषदांतून एक नवा विषय पुनःपुन्हा चर्चेला येऊ लागला आहे. लहान ख्रिस्ती समूहांचा कारभार व्यवस्थापन-सॉफ्टवेअरच्या साहाय्याने चालवावा, असा हा विषय. प्रत्येक कुटुंबाची नोंद संगणकात घ्यायची, प्रत्येक सभासदाच्या नावापुढे त्याचा मोबाईल क्रमांक व जन्मतारीख लिहायची, समूहाची बैठक आटोपली की प्रमुखाने जागच्या जागी मोबाईलवर उपस्थितांपुढे खूण करायची. मग धर्मग्रामाच्या कार्यालयात बसलेल्या व्यक्तीला सर्व समूहांचे चित्र पडद्यावर एका दृष्टिक्षेपात दिसते. कोणत्या समूहाची बैठक झाली नाही, कोणते कुटुंब लागोपाठ तीनदा आले नाही, हे यंत्र आपण होऊन सांगते. न आलेल्यांना ‘तुमची आठवण आली’ असा निरोपही आपण होऊनच धाडते. हा चमत्कार पाहून आलेली मंडळी भारावून जातात. आमचा मात्र या योजनेला विरोध आहे, आणि तो का आहे हे आम्ही येथे आडपडदा न ठेवता मांडू इच्छितो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आमचा विरोध संगणकाला नाही आणि नोंदींना तर मुळीच नाही. नोंदी ठेवणे हे ख्रिस्तसभेचे फार जुने काम आहे. ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५६३ साली विवाहाची वही ठेवण्याची आज्ञा धर्मग्रामाच्या धर्मगुरूंना केली. १६१४ सालच्या रोमन विधिग्रंथाने बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह व मृत्यू यांच्या वह्यांबरोबर ‘आत्म्यांची स्थिती’ नावाची आणखी एक वही सांगितली. तीत घरोघरच्या माणसांची नावे व वये लिहिली जात. आजच्या धर्मविधिसंहितेचा ५३५ वा नियमही धर्मग्रामाच्या वह्या नीट लिहिल्या व जपल्या जाव्यात असे बजावतो. वाळवीने पोखरलेली बाप्तिस्म्याची वही ज्यांनी एकदा हाताळली आहे, त्यांना संगणकातील प्रतीचे मोल सांगावे लागत नाही. दाखल्यासाठी खेड्यातून आलेल्या माणसाला दोन खेपा पडू नयेत, देणग्यांचा हिशेब चोख राहावा, दफनभूमीतील जागांची नोंद हरवू नये, ही सर्व कामे संगणकाने खुशाल करावीत.

परंतु या वह्या काय नोंदवतात ते पाहिले पाहिजे. त्या नोंदवतात संस्कार. संस्कार एकदा घडतो, त्याची नोंद त्या माणसाच्या हक्काची असते आणि ती त्याच्या उपयोगी पडते. समूहाचे सॉफ्टवेअर नोंदवते ते माणसाचे वागणे, आणि तेही आठवड्यामागून आठवडा. ‘आत्म्यांची स्थिती’ या वहीतही पाश्चासणाला पापनिवेदन व ख्रिस्तप्रसाद कोणी घेतला याची खूण केली जात असे, असा प्रतिवाद कोणी करील. तो खरा आहे. पण ती वही धर्मगुरूच्या कपाटात कुलूपबंद असे आणि ती खूण वर्षाकाठी एकदाच होई. शेजाऱ्याने शेजाऱ्याची दर आठवड्याला हजेरी घ्यावी व ती वर कळवावी, असे कोणत्याही विधिग्रंथाने सांगितलेले नाही.

लहान ख्रिस्ती समूह ही कल्पना कशासाठी पुढे आली, हे या निमित्ताने आठवणे उपयुक्त ठरेल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन अमेरिकेच्या बिशपांनी १९६८ साली मेदेयीन येथे पायाभूत समूहांना उचलून धरले. १९७० च्या दशकात पूर्व आफ्रिकेच्या बिशपांनी तीच वाट धरली. पोप पॉल सहावे यांनी १९७५ च्या आपल्या सुवार्ताप्रसारविषयक पत्रात या समूहांची दखल घेतली. आपल्याकडे मुंबई महाधर्मप्रांताच्या धर्मगुरूंनी १९८० साली हे कार्य अग्रक्रमाचे म्हणून स्वीकारले आणि बिशप बॉस्को पेन्हा यांनी ते पुढे नेले. १९९० साली इंडोनेशियातील बांडुंग येथे आशियाई बिशपांच्या महासंघाने ख्रिस्तसभा ही समूहांनी बनलेला समूह व्हावी, असे स्वप्न आशियापुढे ठेवले. या सर्व प्रवासाचा गाभा एकच होता. धर्मग्राम मोठे झाले, रविवारच्या मिस्साला शेकडो माणसे शेजारी शेजारी उभी राहू लागली आणि एकमेकांची नावेही कोणाला माहीत नसेनाशी झाली. म्हणून एका गल्लीतील, एका वस्तीतील पंधरा-वीस घरांनी एकत्र यावे, शुभवर्तमान वाचावे, आणि एकमेकांच्या सुखदुःखाला धावून जावे.

दक्षिण आफ्रिकेतील लुम्को संस्थेने घडवलेली सात पायऱ्यांची पद्धत आपल्या समूहांत आजही चालते. प्रभूला पाचारण, वाचन, शब्दांवर थांबणे, मौन, अनुभवांची देवाणघेवाण, मग सहावी पायरी आणि शेवटी प्रार्थना. त्या सहाव्या पायरीवर समूह स्वतःला विचारतो की, देव आज आपल्याकडून कोणते काम मागतो आहे? अमुक घरी आजी आजारी आहे, तिच्या उशाशी कोण जाईल? तमुक मुलाची फी भरली गेली नाही, ती कशी जमवायची? ही पायरी म्हणजे समूहाचा प्राण. येथे निर्णय होतो तो बसलेल्या माणसांच्या तोंडून आणि पूर्ण होतो तो त्यांच्याच पायांनी. कार्यालयातील पडद्यावर ‘काम पूर्ण’ अशी हिरवी खूण उमटावी म्हणून ती पायरी नाही. मोबाईलवर रकाने भरण्याची घाई मागे लागली की ही पायरी किती लवकर उरकली जाते, याचा विचार समूहप्रमुखांनीच करावा.

ही सॉफ्टवेअरे ज्या मातीत वाढली ती मातीही पाहण्यासारखी आहे. कोरियाची राजधानी सोल येथे पास्टर चो यांनी १९६४ नंतर घरोघरच्या गटांवर आपले प्रचंड मोठे चर्च उभारले. पुढे अमेरिकेतील हजारो सभासदांच्या स्वतंत्र चर्चनी गटांची ही रचना आपापल्या परीने उचलली. तेथील गट बहुधा आवडीनिवडींवर बनतात. तरुण जोडप्यांचा एक, संगीतप्रेमींचा एक, नव्या मातांचा एक. यादी पाहायची, आपल्याला रुचेल त्या गटात नाव घालायचे, नाही रुचला तर दुसरा शोधायचा. अशा ठिकाणी नावनोंदणीचे यंत्र लागतेच. त्यांना आमचा दोष नाही. आपला समूह मात्र आपण निवडत नाही. वाळूजच्या कारखान्यात पाळी करणारा कामगार, सिडकोत घर बांधलेला शिक्षक, छावणीतील निवृत्त सैनिक, केरळातून आलेली परिचारिका आणि वैजापूरकडून पोटासाठी आलेले कुटुंब यांतील जे कोणी एका वस्तीत राहतात, ते एका समूहात येतात, कारण शेजार देवाने दिलेला असतो. जेथे माणूस निवडून आलेला नाही, तेथे त्याची गैरहजेरी ही ‘रस कमी झाल्याची’ खूण कशी ठरेल? दुसऱ्या पाळीचा कामगार बुधवारच्या रात्री बैठकीला येऊच शकत नाही. यंत्र त्याला कायमचा लाल रंग देईल. शेजारी मात्र त्याच्या घराच्या दिव्यावरून त्याची पाळी ओळखतो.

मराठवाड्याच्या वाचकाला आणखी एक उदाहरण सांगण्याची गरज नाही, तरी सांगतो. दसरा-दिवाळीनंतर आपल्या खेड्यांतील कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळा तोंडावर आल्यावर परततात. मुकादम उचल देतो आणि मोजणी करतो ती ‘कोयत्यांची’. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्याच्या वहीत त्या दोघांना स्वतंत्र नाव लागत नाही, कारण त्याला हवा असतो तोडलेला ऊस. आता या कुटुंबाकडे सॉफ्टवेअर कसे पाहील? पाच-सहा महिने एकही बैठक नाही, सबब ‘निष्क्रिय’. ज्या घरातील म्हातारी मागे एकटी राहिली आहे, जिच्या नातवाला शेजारीण सकाळी शाळेत धाडते, ते घर आमच्या यादीत निष्क्रिय! त्या शेजारणीने जे केले त्यासाठी एकही रकाना नाही. रकाने करताही येतील, असे कोणी म्हणेल. पण तो रकाना भरला जाऊ लागला, की शेजारधर्माचीही उचल-फेड सुरू झाली असे समजावे. मुकादमाच्या वहीत आमची माणसे पुष्कळ मोजली गेली आहेत. प्रभूच्या घरी तरी त्यांना नावाने हाक मिळावी.

मोजण्याच्या मोहाविषयी पवित्र शास्त्र बोलकेच आहे. दावीद राजाने प्रजेची शिरगणती मांडली तेव्हा त्याचा सेनापती यवाब यानेच त्याला हटकले, आणि पुढे राजाला पश्चात्ताप करावा लागला. उलट निर्गमाच्या ग्रंथात मोशेचा सासरा इथ्रो त्याला हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर माणसे नेमण्याचा सल्ला देतो, आणि तो सल्ला योग्य ठरतो. दोन्ही ठिकाणी आकडे आहेत. फरक इतकाच की दावीदाला आपले बळ किती हे पाहायचे होते. इथ्रोला मोशेच्या खांद्यावरचा अधिकार खालच्या माणसांत वाटून द्यायचा होता. आमच्यापुढील योजना कोणत्या जातीची आहे? तिने दहांवरच्या माणसाला अधिकार मिळतो, की दहांवरच्या माणसाकडून अहवाल मिळतो? आमच्या मते अहवाल मिळतो. सर्व खुणा वर जातात. खाली येतात त्या केवळ सूचना.

याचा पहिला फटका कोणाला बसेल तेही सांगितले पाहिजे. आपल्या खेड्यांत व वस्त्यांत पुष्कळ समूह आज स्त्रिया चालवतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोगरगावी मिशनचे काम सुरू झाले, फादर जाकिये यांना लोकांनी गुरी महाराज म्हणून आपलेसे केले, तेव्हापासून १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन होईपर्यंत आणि त्यानंतरही, आमची श्रद्धा टिकली ती गावोगावच्या मास्तरांच्या आणि घरोघरच्या आयाबायांच्या बळावर. समूहांनी त्या स्त्रियांना प्रथमच बोलण्याची जागा दिली. शुभवर्तमान तोंडपाठ असलेल्या या बाईच्या हाती स्मार्टफोन बहुधा नसतो. असला तर तो मुलाचा असतो. अहवाल मोबाईलवरूनच द्यायचा असे ठरले, की प्रमुखपद हळूहळू ज्याच्या हाती मोबाईल त्याच्याकडे जाईल. कोणी तिला काढणार नाही. तिचे काम तेवढे राहणार नाही.

आता गुपितांकडे येऊ. समूहात माणूस मन मोकळे करतो. नवऱ्याचे दारूचे व्यसन, सावकाराचे कर्ज, मुलीचा मोडलेला विवाह, क्षयरोगाचे निदान या गोष्टी प्रार्थनेसाठी सांगितल्या जातात. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नावाखाली ‘टिपण’ लिहिण्याची जागा असते आणि ‘प्रार्थनाविनंती’ तेथे सहज उतरते. वीस जणांसमोर विश्वासाने उच्चारलेला शब्द तेथे कायमचा साठतो. धर्मविधिसंहितेचा २२० वा नियम प्रत्येकाच्या लौकिकाचे व खाजगीपणाचे रक्षण करतो. देशाचा कायदाही आता या बाबतीत जागा झाला आहे. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले आणि त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात यावयाच्या आहेत. त्यानुसार माहिती घेण्यापूर्वी संमती हवी, आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती हवी. कागदावरील माहिती संगणकावर चढवली तरी तिला हा कायदा लागू होतो. युरोपीय संघाच्या न्यायालयाने तर जुलै २०१८ मध्ये फिनलंडमधील यहोवाच्या साक्षीदारांच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, प्रचारकांनी घरोघरच्या भेटींत लोकांविषयी लिहून ठेवलेल्या टिपणांची जबाबदारी त्या धर्मसंस्थेवरही येते. धर्मकार्य आहे म्हणून सूट मिळाली नाही. आपल्यापैकी किती धर्मग्रामांनी सभासदांची लेखी संमती घेण्याचा विचार तरी केला आहे?

शिवाय ही माहिती राहते कोठे? आपल्या कार्यालयातील कपाटात नव्हे, तर कंपनीच्या दूरदेशीच्या संगणकांत. कंपन्या विकल्या जातात. न्यूझीलंडमध्ये उभ्या राहिलेल्या पुशपे या कंपनीने २०१९ साली अमेरिकेतील ‘चर्च कम्युनिटी बिल्डर’ ही अशीच प्रणाली चालवणारी कंपनी विकत घेतली आणि २०२३ मध्ये पुशपे स्वतःच गुंतवणूकदारांच्या हाती गेली. यात बेकायदेशीर काही नाही. व्यापाराची ती रीतच आहे. पण ज्या वहीची मालकी अशी हातोहात फिरू शकते, ती समूहाची वही कशी म्हणावी?

सर्वांत गंभीर मुद्दा आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे. मराठवाड्यातील आपल्या पुष्कळ कुटुंबांची मुळे दलित समाजात आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या; १९५६ साली शिखांना व १९९० साली बौद्धांना त्या मिळाल्या; ख्रिस्ती दलित अजून दाराबाहेरच उभे आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतील एका महिलेचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला. त्या प्रकरणात तिच्या बालपणीच्या बाप्तिस्म्याची नोंद पुढे आली होती. निकालाच्या गुणदोषांत आम्ही येथे शिरत नाही, आणि कोणी काही लपवावे असेही आमचे म्हणणे नाही. परंतु चर्चमधील नोंद चर्चपुरती राहत नाही, हे यावरून कोणालाही कळावे. जर्मनीत १९३३ नंतर वंशाचा पुरावा म्हणून बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्याच चाळल्या गेल्या. त्या वह्या लिहिणाऱ्या धर्मगुरूंच्या मनात तसे काही स्वप्नातही नव्हते. बाप्तिस्म्याची वही तर ठेवावीच लागते. पण कोणत्या वस्तीत, कोणाच्या घरी, कोणत्या दिवशी, कोण कोण प्रार्थनेला जमले, याची तारीखवार यादी मोबाईल क्रमांकांसह तयार करणे आपल्याला कोणी सांगितले आहे? प्रार्थनासभांवर संशयाची नजर ठेवणाऱ्या काळात ती यादी चुकीच्या हाती पडली तर तिची किंमत यादी करणारा मोजणार नाही. तिच्यातील गरीब माणूस मोजील. सरकारने जनगणना केली तरी १९४८ च्या जनगणना कायद्याने व्यक्तीच्या उत्तरांना गुप्ततेचे संरक्षण आहे. ती उत्तरे पाहण्याचा हक्क कोणाला नाही. आईसमान ख्रिस्तसभेने आपल्या लेकरांना त्याहून कमी संरक्षण द्यावे काय?

योजनेच्या समर्थकांची बाजूही न्याय्यपणे ऐकली पाहिजे. ते म्हणतात, एका धर्मगुरूवर शेकडो कुटुंबांचा भार आहे. यंत्राशिवाय त्याला कोणाची खबर कशी लागणार? हा प्रश्न खरा आहे. पण त्याचेच उत्तर म्हणून तर समूह आले! धर्मगुरूला सर्वांची खबर लागणे शक्य नाही, म्हणून खबर घेणारी माणसे वस्तीवस्तीत हवीत. धर्मगुरूने महिन्याकाठी समूहप्रमुखांसोबत तासभर चहा घ्यावा. कोणत्या घरी जाणे निकडीचे आहे ते त्याला तेथे कळेल. दुसरे म्हणणे असे की, शहरात माणसे सतत घरे बदलतात, चिकलठाण्याहून वाळूजला गेलेले कुटुंब हरवते. हेही खरे. त्यासाठी कुटुंबाचे नाव, पत्ता व एक क्रमांक कार्यालयात असला आणि जुन्या समूहाने नव्या समूहाला एक फोन केला, तर पुरते. तिसरे म्हणणे तरुणांविषयी आहे. तरुण मोबाईलमुळे येतील ही आशा आम्हांला फोल वाटते. ज्याला दिवसभर मोबाईल पुरेसा बोलावतो, तो आणखी एका निरोपाने येत नाही. त्याला कोणी दार वाजवून बोलावले तर कदाचित येतो.

केवळ विरोध करून थांबणे आम्हांला योग्य वाटत नाही. म्हणून पाळकीय परिषदांपुढे आम्ही पुढील सूचना ठेवतो. संस्कारांच्या नोंदी, हिशेब व कुटुंबांचे पत्ते संगणकावर असावेत, त्यांच्या प्रती सुरक्षित ठेवाव्यात आणि ते उघडण्याचा अधिकार मोजक्या, नावानिशी नेमलेल्या व्यक्तींनाच असावा. समूहाची हजेरी कोणत्याही यंत्रात भरू नये. आजार, कर्ज, कलह, जात यांविषयी एक अक्षरही लिहू नये. प्रार्थनाविनंती तोंडी राहावी. समूहाची वही समूहाकडेच असावी, तीत ठरलेली कामे तेवढी लिहावीत, आणि ती वर्षअखेरीस समूहानेच वाचावी. आणि यांपैकी काही बदलायचे झाले तर प्रथम समूहप्रमुखांची सभा बोलवावी. ज्यांच्याविषयी निर्णय आहे त्या आयाबायांना तेथे बोलू द्यावे. २०२१ ते २०२४ या काळात पोप फ्रान्सिस यांनी सिनोडच्या मार्गाने सर्व ख्रिस्तसभेला परस्परांचे ऐकण्याचा धडा दिला. आपण तो निदान एवढ्यासाठी तरी गिरवावा.

प्रेषितांच्या कृत्यांत एक प्रसंग आहे. यरुशलेमच्या पहिल्या समूहात रोजच्या अन्नवाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागले आणि कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी व्यवस्था सुधारली, हे खरे, पण कशी? त्यांनी समूहाला सांगितले की तुमच्यातूनच सात भली माणसे निवडा, आणि त्या सातांवर हात ठेवून प्रार्थना केली. त्या विधवांपर्यंत पोचली ती माणसे. आपल्या वस्तीतील उपेक्षित म्हातारीपर्यंतही माणूसच पोचला पाहिजे. तो शोधण्याचे, घडवण्याचे व त्याच्यावर विश्वास ठेवण्याचे कष्ट आपण घ्यावेत. यंत्रासाठी जो पैसा व जो उत्साह आज पणाला लागत आहे, त्याच्या निम्मा जरी समूहप्रमुखांच्या शिक्षणावर खर्च झाला, तरी पुढील पाश्चासणापर्यंत आपल्या गल्ल्यांतून वेगळे चित्र दिसू लागेल, असा आमचा विश्वास आहे.